चुकलेल्या किकचा धनी कोण?

३० नोव्हेंबर २०१३. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातले ऑबर्न हे विद्यापीठाचे गाव. तिथल्या जॉर्डन-हेअर स्टेडियममध्ये अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात यजमान ऑबर्न आणि त्याच राज्यातले अलाबामा विद्यापीठ २८-२८ असे बरोबरीत होते आणि घड्याळात शून्य लागले होते. अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन यांनी पंचांकडे दाद मागितली. आमचा खेळाडू रेषेबाहेर गेला तेव्हा एक सेकंद शिल्लक होता, असे त्यांचे म्हणणे. चित्रफीत पाहून पंचांनी तो सेकंद परत दिला. त्या एका सेकंदात सेबन यांनी ॲडम ग्रिफिथ या नवख्या किकरला ५७ यार्डांवरून फील्ड गोल मारायला, म्हणजे चेंडू खांबांमधून पार करायला, पाठवले. चेंडू खांबांपर्यंत पोचला नाही. खांबांखाली उभ्या असलेल्या ऑबर्नच्या क्रिस डेव्हिसने तो झेलला आणि डाव्या कडेने तो धावत सुटला. दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत त्याला कोणी अडवू शकले नाही. चेंडू घेऊन असे दुसरे टोक गाठणे म्हणजे टचडाऊन, सहा गुण. ऑबर्न ३४, अलाबामा २८. सलग दोन वर्षे राष्ट्रीय विजेता असलेला आणि त्या मोसमात तोवर अजिंक्य राहिलेला पहिल्या क्रमांकाचा संघ, ज्या सेकंदासाठी भांडला त्याच सेकंदात हरला.

आपल्याकडे तेव्हा रविवारची पहाट होती. माझी भाची नोकरीनिमित्त काही वर्षे बर्मिंगहॅमला होती. इंग्लंडातले नव्हे, अलाबामातले. तिने मला पहिल्याच महिन्यात सांगितले होते, "मामा, इथे लोक आधी विचारतात ऑबर्न की अलाबामा, आणि मग नाव विचारतात." तिच्यामुळे मी हा खेळ पाहू लागलो आणि पाहता पाहता त्यात गुंतलो. पुढे तो सामना मी कितीतरी वेळा पाहिला. दर वेळी मला एकच गोष्ट खटकत आली. लोक त्या धावेला चमत्कार म्हणतात, आणि अलाबामाच्या हरण्याचे खापर मात्र किक मारणाऱ्या पोरांवर फोडतात. या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, असे माझे ठाम मत आहे. तो चमत्कार नव्हता. ती एका प्रशिक्षकाची तयारी आणि दुसऱ्याची बेफिकिरी होती. आणि अमेरिकन फुटबॉलमध्ये जोवर किकला उरलेसुरले काम मानले जाते, तोवर हा अन्याय चालूच राहणार. चाहते किकरला छळत राहतील, प्रशिक्षक सुटत राहतील आणि नियम करणारे खेळाचा हा भाग कापत राहतील.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात. तीन संधींत काम झाले नाही की चौथी संधी आपल्या कबड्डीतल्या 'करो या मरो' चढाईसारखी असते. फसलात तर चेंडू जागच्या जागी समोरच्याला जातो. म्हणून बहुतेक संघ तेव्हा किकचा आधार घेतात. खांब जवळ असतील तर फील्ड गोल, म्हणजे तीन गुण. दूर असतील तर पंट, म्हणजे चेंडू उंच आणि लांब मारून समोरच्याला मागे ढकलायचे. शिवाय सामन्याच्या सुरुवातीला, उत्तरार्धाच्या सुरुवातीला आणि प्रत्येक गुणानंतर किकऑफ असतो, म्हणजे चेंडू लांब मारून समोरच्याच्या हवाली करायचा. या सगळ्या प्रसंगी मैदानात उतरणारे अकरा जण वेगळे असतात. ही तिसरीच फळी, आक्रमण आणि बचाव या दोन्हींतले खेळाडूही तिच्यात येतात. त्यांना स्पेशल टीम्स म्हणतात. नावात 'स्पेशल' असले तरी त्यांच्या वाट्याला विशेष काहीच येत नाही. सरावाचा वेळ सर्वांत कमी, पैसा सर्वांत कमी आणि समालोचकांच्या तोंडी नावे तर फक्त चूक झाल्यावर.

मराठी वाचकाला हे समजायला अवघड जाऊ नये. क्रिकेटमध्ये फलंदाजी आणि गोलंदाजी एवढेच खरे क्रिकेट आणि क्षेत्ररक्षण म्हणजे दुपारची पायपीट, असे मानण्याचा एक काळ आपल्याकडे होता. त्याच काळात एकनाथ सोलकर शॉर्ट लेगला, फलंदाजाच्या अगदी पुढ्यात, हेल्मेटशिवाय उभा राहिला. २७ कसोटींत त्याने ५३ झेल घेतले. १९७१ मध्ये ओव्हलवर ॲलन नॉटचा त्याने घेतलेला झेल जुनी मंडळी अजून डोळ्यांसमोर आणतात. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा हा मुलगा. क्षेत्ररक्षण हा सामन्याचा तिसरा हिस्सा आहे, हे त्याने व्याख्यान देऊन नव्हे, गुडघे टेकून सिद्ध केले. फुटबॉलमधल्या तिसऱ्या फळीला अजून तेवढा मान मिळालेला नाही.

आता पुन्हा त्या एका सेकंदाकडे येऊ. नियम असा की फील्ड गोलचा चेंडू आखूड पडला आणि मैदानाच्या आत कोणी झेलला, तर खेळ चालूच राहतो. हा नियम सेबन यांना ठाऊक होता आणि ऑबर्नचे प्रशिक्षक गस मालझान यांनाही. फरक त्यांनी केलेल्या हिशेबात होता. मालझान यांनी किकच्या आधी टाइमआउट घेतला आणि चेंडू आखूड पडला तर झेलायला डेव्हिसला मागे, अगदी खांबांखाली पाठवले. डेव्हिस हा त्यांचा पंट परत आणणारा खेळाडू होता. उघड्या मैदानात धावणे हेच त्याचे काम. उलट अलाबामाचे अकरा जण कोण होते? एक किकर, एक चेंडू धरणारा होल्डर आणि बाकी बहुतेक सव्वाशे-दीडशे किलोचे धिप्पाड गडी. भिंतीसारखे उभे राहून समोरच्याला थोपवण्यासाठी निवडलेले. ५७ यार्डांचा फील्ड गोल आखूड पडण्याची शक्यता दाट असते. तो पडला तर या गड्यांना साठ-सत्तर यार्ड धावून एका चपळ खेळाडूला गाठायचे होते. ते शक्यच नव्हते, आणि हे किकच्या आधीही शक्य नव्हते. भिंतीत दोन-तीन वेगवान बचावपटू घालता आले असते. किंवा सरळ लांब पास फेकता आला असता. तो फसला असता तर सामना जादा वेळेत गेला असता, आणि चेंडू समोरच्याच्या हाती पडला असता तरी त्याला पकडायला अलाबामाचे धावणारे खेळाडू मैदानात हजर असते. किक मारायचीच तर कोणत्या अकरा जणांनी मारायची, हा प्रश्न बाकाजवळ उभ्या असलेल्या माणसाचा होता. ग्रिफिथचा नव्हता.

त्या संध्याकाळी ग्रिफिथच्या आधी दुसऱ्या एका किकरने अलाबामाचे तीन फील्ड गोल वाया घालवले होते. त्यांतला एक ऑबर्नने हाताने अडवला. शेवटच्या सत्रात ऑबर्नच्या १३ यार्डांवर चौथी संधी आली तेव्हा सोपे तीन गुण घेण्याऐवजी सेबन यांनी एका यार्डासाठी धाव घेतली आणि ती फसली. म्हणजे तोवर त्यांचा आपल्या किकरवरचा विश्वास उडालेला होता. ज्याच्यावर विश्वास नाही त्याला बाजूला ठेवायचे आणि मग शेवटच्या क्षणी त्याहून अवघड किक एका नवख्या मुलाच्या पायावर टाकायची, याला कोणते धोरण म्हणायचे? सेबन हे या खेळातले मोठे प्रशिक्षक होते, याबद्दल मला शंका नाही. म्हणूनच ही चूक बोलायला हवी. त्यांच्या कारकिर्दीत आक्रमणाचा आणि बचावाचा प्रत्येक इंच मोजलेला असे. तिसऱ्या फळीचा मात्र त्या दिवशी हिशेबच झाला नाही.

सामना संपल्यावर शिक्षा कोणाला झाली? आधीच्या तीन किक चुकवलेल्या त्या विद्यार्थ्याला. समाजमाध्यमांवर त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. वीस-बावीस वर्षांचा, शिकणारा मुलगा. त्या काळी महाविद्यालयीन खेळाडूंना खेळण्याचा पगारही मिळत नसे. त्याला धीर देणारे एक हस्तलिखित पत्र माजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी पाठवले. त्याच्या जर्सीचा क्रमांक ४३ होता आणि बुश हे ४३ वे राष्ट्राध्यक्ष. पत्र चांगले होते, माणुसकीचे होते. पण एका किकसाठी देशाच्या माजी प्रमुखाला पत्र लिहावेसे वाटावे, इतकी वेळ त्या मुलावर आणली कोणी?

दोन वर्षांनी, १७ ऑक्टोबर २०१५ ला, मिशिगन राज्यात तेच झाले. मिशिगन विद्यापीठ मिशिगन स्टेटविरुद्ध २३-२१ असे पुढे होते. दहा सेकंद उरले होते आणि मिशिगनला फक्त एक पंट मारायचा होता. मिशिगन स्टेटने चेंडू झेलायला मागे कोणालाच ठेवले नाही. सगळे अकरा जण पुढे आणून पंटरवर सोडायची तयारी केली. हे समोर दिसत असताना मिशिगनचे दोन धावपटू दोन टोकांना तसेच उभे राहिले. मागे चेंडू झेलायला कोणी नाही, तर त्याला गाठणारे धावपटू कोणासाठी? त्यांना आत घेऊन भिंत भक्कम करायची, किंवा उरलेला टाइमआउट आहे का ते पाहून रचना बदलायची, हे काम बाकाजवळच्या प्रशिक्षकांचे होते. ते झाले नाही. ऑस्ट्रेलियाहून आलेल्या पंटरच्या हातातून चेंडू निसटला, आणि मिशिगन स्टेटच्या जेलेन वॉट्स-जॅक्सनने तो उचलून ३८ यार्ड धावत शेवटच्या क्षणी टचडाऊन केला. २७-२३. आनंदाने अंगावर पडलेल्या आपल्याच सोबत्यांच्या ढिगाखाली त्याचे कंबरेचे हाड निखळले. पंटरवर मात्र शिव्यांचा इतका वर्षाव झाला की विद्यापीठाच्या क्रीडाप्रमुखांना निवेदन काढून चाहत्यांना आवरावे लागले.

चेंडू निसटला ही चूक पंटरचीच, हे मी नाकारत नाही. ३३ यार्डांवरून फील्ड गोल चुकला तर तो किकरचाच. खेळाडूला त्याच्या कामाचा जाब विचारू नये, असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की क्वार्टरबॅकचा, म्हणजे पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूचा, पास चुकला तर आपण लगेच विचारतो, ही चाल सुचवली कोणी, समोर काय उभे होते, पर्याय कोणते होते. किक चुकली की हे प्रश्न गायब होतात. एक पाय, एक चेंडू आणि एक गुन्हेगार उरतो. तिसऱ्या फळीतही चाली असतात, समोरच्याच्या सवयींचा अभ्यास असतो, ऐन वेळी केलेले बदल असतात. पाहणाऱ्यालाच ते पाहायची सवय नाही.

या सवयींच्या अभ्यासासाठी जुन्या वैरासारखी शाळा नाही. ऑबर्न आणि अलाबामा पहिल्यांदा १८९३ मध्ये भिडले. १९०७ नंतर खेळाडूंच्या खर्चावरून आणि पंच कोण असावेत यावरून त्यांचे बिनसले आणि ४१ वर्षे सामनाच झाला नाही. १९४८ मध्ये तो पुन्हा सुरू झाला आणि आज त्याला 'आयर्न बोल' म्हणतात. या सामन्याच्या लोकस्मृतीत काय टिकले ते पाहा. १९७२ मध्ये अलाबामा १६-० ने पुढे होता. १७ ऐवजी १६ का, तर टचडाऊननंतरची एका गुणाची किक ऑबर्नने अडवली होती. मग शेवटच्या सत्रात एका फील्ड गोलनंतर ऑबर्नच्या बिल न्यूटनने एक पंट अडवला आणि डेव्हिड लँगनरने तो उचलून टचडाऊन केला. थोड्या वेळाने न्यूटनने दुसरा पंट अडवला आणि पुन्हा लँगनरनेच तो उचलला. १७-१६. त्या दिवशी ऑबर्नच्या आक्रमणाची एकही टचडाऊन नव्हती. १९८५ मध्ये अलाबामाने जिंकलेला सामना व्हॅन टिफिनच्या ५२ यार्डांच्या शेवटच्या किकने ठरला, २५-२३. आणि मग २०१३. एका राज्याच्या चार दशकांच्या आठवणीतले हे मोठे क्षण, आणि तिन्ही किकचे. हा योगायोग मला वाटत नाही. दर वर्षी त्याच समोरच्याशी खेळणाऱ्यांना एकमेकांचे आक्रमण आणि बचाव तोंडपाठ असतात. तिथे कोणी कोणाला सहज फसवू शकत नाही. मग उरते ती फट, जिच्याकडे एकाने दुर्लक्ष केलेले असते.

वैराची दुसरी बाजूही मला माहीत आहे. २०१० च्या सामन्यानंतर अलाबामाच्या एका चाहत्याने ऑबर्नच्या टूमर्स कॉर्नरवरच्या जुन्या ओक वृक्षांना विष घातले. विजयानंतर ऑबर्नचे लोक ज्या झाडांखाली जमत, ती २०१३ च्या एप्रिलमध्ये तोडावी लागली. भाची तिथे गेली होती तेव्हा ती जागा मोकळी होती आणि लोक तरीही तिथेच येऊन उभे राहत होते, असे ती सांगायची. झाडाला विष घालणारा आणि किकरला धमकी देणारा, दोघांना आपण काय पाहतो आहोत हे कळलेले नाही. समोरच्याला नष्ट केले तर पुढच्या वर्षी खेळायचे कोणाशी?

झाडाला विष घालण्यापेक्षा मोठे नुकसान आता कार्यालयांत बसून होते आहे. टीव्हीच्या पैशासाठी विद्यापीठे एका संघटनेतून, म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटातून, दुसरीत उड्या मारतात आणि शतकभराचे सामने कॅलेंडरवरून पुसले जातात. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट १९१० पासून दर वर्षी खेळत होते. २०२३ नंतर ते थांबले, कारण ओक्लाहोमाने संघटना बदलली. टेक्सस आणि टेक्सस ए अँड एम यांचा सामना २०११ मध्ये असाच तुटला. त्या अखेरच्या लढतीचा शेवटही किकनेच झाला, टेक्ससचा शेवटच्या क्षणीचा ४० यार्डांचा फील्ड गोल, २७-२५. तेरा वर्षांनी, २०२४ मध्ये, दोघे एकाच संघटनेत आले तेव्हा सामना परतला. मधल्या काळात या दोन संघांतून खेळून गेलेल्या मुलांच्या पिढ्या एकमेकांना कधी भेटल्याच नाहीत. जे एकमेकांना ओळखत नाहीत ते एकमेकांच्या फटी कशा शोधणार?

आता मूळ सार्वजनिक प्रश्नाकडे येतो, कारण तो सध्या जिवंत आहे. किकऑफ ठेवायचा की काढून टाकायचा?

काढून टाका म्हणणाऱ्यांचे कारण हलके नाही. किकऑफला दोन्हीकडचे खेळाडू लांबून पूर्ण वेगाने येऊन एकमेकांवर आदळत. २००७ मध्ये व्यावसायिक बफेलो बिल्स संघाच्या केव्हिन एव्हरेटच्या मानेच्या मणक्याला किकऑफ अडवताना गंभीर इजा झाली. तो पुढे चालू लागला, पण कारकीर्द तिथेच संपली. २०१० मध्ये रटगर्स विद्यापीठाच्या एरिक लेग्रँडला किकऑफवरच्या टक्करीत मानेखाली पक्षाघात झाला. त्याचे प्रशिक्षक ग्रेग शियानो यांनी त्यानंतर किकऑफच नको, त्याऐवजी गुण मिळवणाऱ्या संघाला पंधरा यार्ड सरकण्यासाठी एकच, चौथी संधी द्या, मग तो पंट मारेल किंवा जोखीम घेईल, असा प्रस्ताव मांडला. आपल्या डोळ्यांदेखत मुलगा पडलेला पाहिलेल्या माणसाचा तो प्रस्ताव आहे, त्याला मी हसून उडवणार नाही. आयव्ही लीगमधल्या विद्यापीठांत २०१५ च्या मोसमात किकऑफ एकूण खेळींच्या ६ टक्के होते, पण मेंदूला मार बसण्याच्या घटनांत त्यांचा वाटा २१ टक्के होता.

पण त्याच आयव्ही लीगने पुढे काय केले ते लोक सांगायला विसरतात. २०१६ मध्ये त्यांनी किक ३५ ऐवजी ४० यार्डांवरून मारायला लावली आणि चेंडू न धावता थांबवला (याला टचबॅक म्हणतात) तर मिळणारी जागा २५ ऐवजी २० यार्डांवर आणली. त्यामुळे मेंदूला मार बसण्याचे प्रमाण दर हजार किकऑफमागे सुमारे ११ वरून २ वर आले. किकऑफ काढला नाही. त्याची रचना बदलली. तिसऱ्या फळीवर कोणीतरी नीट विचार केला आणि मुले वाचली.

एनएफएल या व्यावसायिक लीगने मात्र अनेक वर्षे फक्त कात्री चालवली. २०११ मध्ये किक ३५ यार्डांवर आणली, २०१६ मध्ये टचबॅकची जागा २५ वर नेली, २०२३ मध्ये फेअर कॅच करून, म्हणजे न धावण्याची खूण करून झेलून, २५ वर थांबायची सोय दिली. प्रत्येक बदलाने किकऑफ अधिक निर्जीव झाला. फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलमध्ये, कॅन्सस सिटी आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्या सामन्यात, १३ किकऑफ झाले आणि तेराच्या तेरा टचबॅक. म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या सामन्यात तेरा वेळा बावीस माणसे मैदानात आली आणि काहीही न होता परत गेली. इतका वेळ वाया घालवण्यापेक्षा काढूनच टाका, असे म्हणायला मग कोणीही तयार होते. आधी उपाशी ठेवायचे आणि मग अशक्त झाला म्हणून घराबाहेर काढायचे, तसा हा प्रकार.

त्याच वर्षी मार्चमध्ये संघमालकांनी २९ विरुद्ध ३ मतांनी नवी रचना स्वीकारली. तिची मूळ कल्पना एक्सएफएल या छोट्या लीगची. आता किकर ३५ यार्डांवरूनच मारतो, पण त्याचे सोबती समोरच्यांच्या अगदी जवळ, पाच-दहा यार्डांवर उभे राहतात आणि चेंडू खाली येईपर्यंत हलत नाहीत. लांबून धावत येऊन आदळणे त्यामुळे संपले. २०२५ मध्ये टचबॅकची जागा ३५ यार्डांवर नेल्यावर चेंडू बाहेर मारून देणे महाग झाले आणि बहुतेक किकऑफ पुन्हा परतीच्या धावेने खेळले जाऊ लागले. परतीच्या धावा वाढल्या की टकरींची संख्याही वाढते, म्हणून ही रचना दर वर्षी डॉक्टरांच्या आकड्यांवर तपासलीच पाहिजे. आणि लहान मुलांच्या खेळात किकऑफ नकोच. पॉप वॉर्नर या संस्थेने २०१६ मध्ये लहानांच्या गटांतून तो काढला, ते योग्यच होते. मोठ्यांच्या खेळात मात्र दिशा हीच हवी. विचार करून बदल, कापाकापी नको.

एका बाबतीत माझा या नव्या नियमाला विरोध आहे. त्याने अचानक मारलेली आखूड किक, म्हणजे चेंडू जवळच टाकून तो आपणच परत मिळवायची चाल, संपवली. आता अशी किक मारायची तर आधी पंचांना सांगितले पाहिजे. सांगून केलेला गनिमी कावा तो कसला? फेब्रुवारी २०१० चा सुपर बोल आठवा. न्यू ऑर्लिन्स सेंट्स मध्यंतराला इंडियानापोलिसविरुद्ध ६-१० ने मागे होते. प्रशिक्षक शॉन पेटन यांनी उत्तरार्धाची सुरुवातच आखूड किकने करायची ठरवली. सुपर बोलमध्ये शेवटच्या सत्राआधी असे कोणी कधी केले नव्हते. थॉमस मोर्स्टेडने चेंडू तिरका मारला, ढिगाखालून तो सेंट्सच्या हाती निघाला आणि तिथून त्यांनी सामना ३१-१७ असा फिरवला. मध्यंतरात केलेला बदल म्हणजे काय, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण नाही. आज तीच चाल नियमबाह्य आहे. मला वाटते, प्रत्येक संघाला सामन्यात एकदा जुन्या रचनेत उभे राहण्याची मुभा द्यावी आणि चेंडू लांब जाणार की आखूड हे त्याचे गुपित राहू द्यावे. एका किकने जोखीम फारशी वाढत नाही, पण समोरच्याला साऱ्या सामन्यात जागे राहावे लागते.

तिसऱ्या फळीत कोण येते, हेही पाहायला हवे. एनएफएलमधल्या न्यू इंग्लंड संघाचा मॅथ्यू स्लेटर २००८ मध्ये पासेस झेलणारा म्हणून नव्या खेळाडूंच्या निवडीत पाचव्या फेरीत घेतला गेला. साऱ्या कारकिर्दीत त्याने एकच पास झेलला. पण पंट आणि किकऑफ अडवण्यात तो असा तरबेज होता की दहा वेळा प्रो बोलला, म्हणजे वर्षातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्याला, निवडला गेला. बफेलोचा स्टीव्ह टास्कर सात वेळा. आक्रमणात जागा नाही, बचावात जागा नाही, अशा मुलांना हा खेळ याच दारातून आत घेतो. पंटर म्हणूनच खेळलेल्या रे गायला हॉल ऑफ फेममध्ये जायला २०१४ उजाडले, निवृत्तीनंतर पाव शतकाहून अधिक काळ. चेंडू परत आणण्यासाठीच ओळखला गेलेला डेव्हिन हेस्टर २०२४ मध्ये आत गेला. प्रशिक्षकांचेही तेच. बिल बेलिचिक यांच्या सुरुवातीच्या नोकऱ्या याच फळीच्या होत्या. जॉन हारबॉ मुख्य प्रशिक्षक होण्याआधी कितीतरी वर्षे फिलाडेल्फियात हीच फळी सांभाळत होते. संघातल्या प्रत्येकाशी बोलावे लागते असे हे एकच काम आहे, कारण इथे दोन्हीकडची माणसे येतात.

आणि सेबन? ११ जानेवारी २०१६ ला, ॲरिझोनातल्या ग्लेनडेलमध्ये राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यात अलाबामासमोर क्लेमसन होता. शेवटच्या सत्रात साडेदहा मिनिटे उरलेली असताना अलाबामाच्या किकरने फील्ड गोल मारून २४-२४ अशी बरोबरी केली. क्लेमसनचे खेळाडू किकऑफ घ्यायला एका बाजूला दाटीने उभे राहतात आणि दुसऱ्या कडेला मोकळी जागा सोडतात, हे अलाबामाच्या बाकाने हेरून ठेवले होते. सेबन यांनी खूण केली. किकरने चेंडू सरळ न मारता हळूच उंच, त्या मोकळ्या कडेला टाकला आणि मार्लन हम्फ्रीने तो धावत जाऊन अलगद झेलला. दोन खेळींनंतर टचडाऊन झाली. पुढे केन्यन ड्रेकने एक किकऑफ ९५ यार्ड परत आणला आणि अलाबामा ४५-४० ने जिंकला. त्या झेलानंतर सेबन यांच्या चेहऱ्यावर क्वचित दिसणारे हसू कॅमेऱ्यांनी टिपले. तो चेंडू टाकणारा किकर ॲडम ग्रिफिथ होता.